उमादेवीचं द्राक्षासव

"तीन?" उमादेवीनं पदर सावरत विचारलं. "दरसाली तर एकच आनतोस."

शिवप्रकाशनं बाटल्या बैठकीतल्या टेबलावर मांडल्या. "तीन सालाच्या हायत, माय. ही एकोणीसची, ही वीसची, ही बावीसची. मळा त्योच, तीन जातींची द्राक्षं एकात केलेली. पण साल बदललं की चव बदलती."

"म्हंजी आपल्या पंचडाळीवानी," माय म्हणाली.

अख्ख्या राणीसावरगावात जेवणानंतर फ्रान्सची तांबडी वाईन घेणारी ही एकच बाई. तीही गळ्यात लिंग, कपाळाला विभूती आणि सोमवारचा कडक उपास धरणारी! चूक लेकाची. फ्रान्समध्ये तुलूजला नोकरीला लागल्यावर पहिल्यांदा गावी आला तेव्हा त्यानं गंगाखेडच्या मित्रासाठी अशीच एक बाटली आणली होती. तिकडं किराणा दुकानात मिळते तसली, स्वस्तातली. मायनं बॅग उपसली आणि बाटली उजेडात धरली. "हे काय रे?" वडील गुरुसिद्धप्पा समोरच पेपर वाचत बसलेले. शिवप्रकाशची बोबडी वळली. "द्राक्षासव," तो म्हणाला. झालं! द्राक्षासव म्हणजे घरोघरचं औषध. दोन चमचे, तेवढंच पाणी. उमादेवीला तेव्हा भूक लागत नव्हतीच. मित्र बसला वाट बघत, आणि तेव्हापासून दरसाल हीच बाटली आणणं आलं.

"तुझ्या लग्नाच्या सालचं लय ग्वाड हुतं," माय आता आठवून आठवून सांगू लागली. "तुझे बाबा गेले त्या सालचं तुरट. घशाखाली उतरंना. पोरगी झाली तवाचं मातर झ्याक!"

शिवप्रकाश हसला, पण त्याचं लक्ष नव्हतं. त्याला दुसरंच सांगायचं होतं. तिकडं त्यानं घर घेतलं होतं. बायकोची नोकरी, पोरीची शाळा. आता तीन वर्षं येणं जमणार नव्हतं. म्हणून तर तीन बाटल्या आणल्या होत्या. विमानात बसल्यापासून तो तेच वाक्य मनात घोळवत होता.

"आन मागच्या खेपेचं?" त्यानं वेळ काढायला विचारलं.

"लय गुणाचं!" मायनं फडताळातून बाटली आणली. तळाला थोडी उरली होती. त्यानं चमचाभर जिभेवर घेतली आणि त्याचे डोळेच मिटले. निव्वळ शिरका! उघडलेली वाईन काही दिवसांतच आंबते, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. मायचं वर्ष वर्ष चालणारं औषध मात्र त्याच्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

"माय, हे आंबलंय! तू हे रोज कसं गिळतीस?"

"मंग काय लेकानं आनलेलं मोरीत वतू व्हय?"

त्याला भडभडून आलं. त्या भरात त्यानं सगळं सांगून टाकलं. घर, नोकरी, शाळा, तीन वर्षं. द्राक्षासव म्हणून आणतो ती दारू आहे, तेवढं सांगायचं राहून गेलं.

उमादेवीनं त्या तीन बाटल्या एकेक करून न्याहाळल्या. मग गुडघ्यावर हात टेकवत उठली, स्वयंपाकघरात गेली आणि आमटीची मोठी वाटी घेऊन आली.

"काढ हिचं बूच."

"अगं, वाटीनं न्हाई घेत माय! दोन चमचे—"

"पैल्या साली जाताना तू काय म्हनला हुतास? 'ही संपली की दुसरी घेऊन येतो.'" तिनं वाटी पुढं केली. "काढ बूच. या महिन्यातच तिन्ही संपवते मी."