दुसरं शून्य

हॉस्पिटलच्या औषधविभागातल्या बाईंची चौथी तक्रार आली, तेव्हा तिथलं सॉफ्टवेअर लिहिणारा प्रोग्रॅमर मोठ्यांदा हसला. "कीबोर्ड म्हणे आकडे खातो! आकडे म्हणजे काय शेंगदाणे आहेत?"

हात थरथरणाऱ्यांकडून एकच बटण चुकून दोनदा दाबलं जातं, म्हणून पाठोपाठ आलेला दुसरा दाब गाळून टाकायची सोय त्यानंच सॉफ्टवेअरमध्ये केली होती. तिचं त्याला भारी कौतुक होतं. अशा अडाण्यांना समोर बसवूनच शिकवावं लागतं, असं पुटपुटत तो तावातावानं हॉस्पिटलात पोचला.

बाईंनी त्याला स्वतःची खुर्ची दिली. "शंभर मिलिग्रॅम टाका."

त्यानं ऐटीत, बटणांकडे न बघता शंभर टाकलं. पडद्यावर दहा उमटले.

"बटण चिकटत असेल तुमचं," म्हणत त्यानं पिशवीतून स्वतःचा कीबोर्ड काढून जोडला. पुन्हा दहाच. मग त्यानं एकेक शून्य थांबून थांबून दाबलं, तेव्हा कुठे शंभर झाले.

"म्हणजे... जरा सावकाश टाकलं की झालं," तो खाली बघत म्हणाला.

"मी महिनाभर तसंच टाकतेय," बाई म्हणाल्या. "काल मात्र मी रजेवर होते आणि माझ्या जागी आलेली मुलगी झरझर टाइप करते. कालच्या दीडशे चिठ्ठ्यांत कुठले दहा खरे आणि कुठल्या शंभराचे दहा झालेत, ते आता तुमच्या हुशारीला विचारा."