उजवीकडचा जास्तीचा पाटा

"साडेपाच," स्मरांदा म्हणाली आणि तिने खडू खिशात टाकला. "चाकाचा एक फेरा होईपर्यंत शाफ्टचे साडेपाच फेरे. ही एक्सलची जोडी हळू आहे, पण चिखलातून बैलासारखी ओढेल. ती भिंतीजवळची पावणेचारची. सपाट रस्त्यावर पळेल, चढावर रडेल. काका, कुठली लावू?"

"पळणारी," गेदेऑन म्हणाला.

या जीपमधून त्याने तीस वर्षं डोंगरातल्या जंगलाची राखण केली होती. आता ती स्मरांदाच्या मामाच्या गॅरेजात चार लाकडी ठोकळ्यांवर उभी होती, चाकांविना, गंज खरवडलेली. मामा महिनाभर बाहेरगावी होता. धातुशास्त्र शिकून आलेल्या स्मरांदाच्या ताब्यात गॅरेज होतं, आणि तिला याहून मजेचं काम अजून मिळालं नव्हतं.

शिवाय म्हातारा गमत्या होता. आत येताच त्याने खुंटीवर टांगलेल्या मामाच्या डगल्याला टोपी काढून नमस्कार केला, गुडघा कसा आहे विचारलं. स्मरांदा पोट धरून हसली. मग तोही हसला, जरा उशिराने.

स्प्रिंगचे पाटे त्याने एकेक करून अंगठ्याखालून नेले. चौथ्या पाट्यावर अंगठा थांबला.

"हा तडकलाय."

स्मरांदाने भिंग लावलं. केसाएवढी रेघ होती. तिने सकाळी याच भिंगातून तो पाटा तपासला होता.

"कमाल आहे तुमची!"

"पलीकडच्यावर काय आकडा कोरलाय वाच गं. चष्मा घरी राहिला."

तिने वाचला. तो चालेल म्हणाला.

"आणि चालवणाऱ्याच्या बाजूला एक पाटा जास्त टाक. मी एकशेदहा किलोचा, आमची सवेता पन्नासचीही नाही. पाटे सारखे ठेवलेस तर गाडी माझ्याकडे कलते."

"पण एवढी पळवायची कुठे आहे?"

"मंगालियाला. समुद्रावर. लग्नात तिला शब्द दिला होता, त्याला चव्वेचाळीस वर्षं झाली. भल्या पहाटे निघायचं, रस्ते रिकामे असतात तेव्हा. संध्याकाळी पाय पाण्यात." त्याने पाटा खाली ठेवला. "याच उन्हाळ्यात. पुढच्याचं काही सांगता येत नाही."

शुक्रवारी सवेता आली. फडक्यात बांधलेली कोबीची गरम पोळी तिने कामाच्या टेबलावर ठेवली आणि सरळ विषयाला हात घातला.

"म्हाताऱ्याने पळणारी जोडी सांगितली असेल."

"हो, काकू."

"हळूची लाव. आणि त्याला सांगू नकोस."

स्मरांदाने हातातला तुकडा खाली ठेवला. "काकू, मग गाडी साठच्या वर जाणार नाही. समुद्र साडेचारशे किलोमीटरवर आहे."

"समुद्र पाहिला नाही मी, पण नकाशा पाहिलाय. साठ म्हणजे पुष्कळ झाले."

"पण गाडी काकांची आहे ना?"

"गाडी त्याची. कागद माझ्या नावावर." सवेता मान वाकडी करून पाट्यांकडे बघत होती. "तो जास्तीचा पाटा कुठे घालतेयस?"

"डावीकडे. स्टिअरिंगच्या बाजूला."

"उजवीकडे घाल."

"उजवीकडे? अहो, काका बसले की गाडी डावीकडे झोपेल! वळणावर हाताला ओढेल."

"शिकलेली आहेस ना? मग सांगितलेलं ऐकायलाही शिक." सवेताने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि पिशवी उचलली. "चार वाजले. उशीर झाला की मास्तर खेकसतो."

दर मंगळवारी आणि शुक्रवारी ती अशीच पळे, पातळ तळव्याचे कापडी बूट घालून. चर्चच्या गाण्यालाच जात असणार; या वयात एवढी हौस, स्मरांदाला कौतुक वाटे.

आज मात्र वाटलं नाही. हळू एक्सल, शिवाय कललेली गाडी. पहिल्याच घाटात म्हातारा वैतागून मागे फिरणार, आणि बाईला तेच हवं होतं. पण का? चव्वेचाळीस वर्षं ज्या प्रवासाची वाट पाहिली तो स्वतःच कुणी का अडवावा? स्मरांदाने वहीत गणित मांडलं. गेदेऑन बसल्यावर डावी बाजू चांगली चार बोटं खाली जाणार होती. तिने पाटा सांगितल्याप्रमाणे उजवीकडे घातला, पण दोन्हीकडचे बोल्ट शेवटच्या आट्यापर्यंत आवळले नाहीत. गाडी कललेली काकांनी स्वतः अनुभवली की अर्ध्या तासात पाटा बदलता येईल, आणि मग काकूंना काय बोलायचं ते बोलू दे.

ऑगस्टच्या अखेरीस दोघं सकाळी आले. सवेताच्या हातात मोठी पिशवी होती. स्मरांदाने पातळी बघायची पाणसळ बॉनेटवर आडवी ठेवली. रिकाम्या गाडीत बुडबुडा उजव्या टोकाला जाऊन चिकटला. तिने पाना हाताशी घेतला आणि म्हणाली, "बसून बघा, काका."

गेदेऑन बॉनेटवरून हात फिरवत डाव्या दाराकडे निघाला. सवेताने त्याचं कोपर धरलं.

"तिकडे नाही, म्हाताऱ्या."

"मग कुठे? छपरावर?"

"डोळ्यांच्या डॉक्टरने मार्चमध्ये तुला जे सांगितलं, ते मलाही सांगितलं."

त्याने बॉनेटवरचा हात मागे घेतला.

"आणि तू तेव्हापासून गप्प?"

"तू गप्प होतास, म्हणून मीही." तिने त्याला हळूच वळवून उजवीकडे आणलं. मग पिशवीतून एक जाड उशी काढली, आणि काळ्या उद्गारचिन्हाची गोल चकती. वर्षभर नवशिक्या चालकांनी लावायची असते ती. चकती तिने मागच्या काचेवर चिकटवली आणि तळहाताने दाबली.

"किती वेळा नापास झालीस?" गेदेऑनने विचारलं.

"दोनदा."

"आणि वेडीसारखी पळवलीस तर?"

"पळतच नाही. पोरीला विचार."

तो उजवीकडे चढला, पाटे कण्हले. सवेताने उशी ठेवली, चाकामागे बसली आणि आरसा स्वतःकडे वळवला. पाणसळीतला बुडबुडा सरकत सरकत आला आणि बरोबर मधोमध थांबला. स्मरांदा पाना घेऊन सैल ठेवलेले बोल्ट आवळायला वाकली.