शेवटच्या फ्लॅटची सोडत

"आलं परत! अगं, परत हिचंच नाव!" सलील आगाशेने टेबलावर मूठ आपटली.

शेजारी बसलेल्या आभा सेनने मान वळवून त्याच्या लॅपटॉपकडे पाहिलं. पानावर मोठ्या अक्षरांत झळकत होतं: 'अभिनंदन! सुरुची आगाशे, बेहाला.'

"बोउदींना फ्लॅट देऊनच टाका ना, सलीलदा," ती हसली. सलीलच्या बायकोला ती बंगाली रीतीने बोउदी, म्हणजे वहिनी म्हणायची.

"थट्टा नको गं. उद्या सोडत आहे आणि हे कार्टं माझ्या मुळावर उठलंय."

कार्टं म्हणजे थाइमलीफ. जावा भाषेतल्या स्प्रिंग या चौकटीबरोबर वापरायचं, वेबपानांच्या साच्यांत माहिती भरणारं टेम्प्लेट इंजिन. त्याची रीत अशी की पानाचा साचा बनवताना नावाच्या जागी एखादं नमुन्याचं नाव लिहून ठेवायचं, म्हणजे पान कसं दिसेल ते कळतं. प्रत्यक्ष पान चाललं की इंजिन ते पुसून खरं नाव बसवतं. बसवायला हवं, असं म्हणू या! सलीलने हौसेनं नमुन्याला बायकोचं नाव दिलं आणि तेव्हापासून त्याच्या डोक्याला ताप झाला. कधी त्याच्याच हातून एखादी खूण चुकायची, तर कधी साचा दुरुस्त केला तरी इंजिन पोटात धरून ठेवलेला जुनाच साचा पुढे करायचं. मग सर्व्हर बंद करा, चालू करा, देवाचं नाव घ्या. आठवडाभर हेच चाललं होतं.

कोलकात्याजवळच्या न्यू टाउनच्या एका वसाहतीत परवडेल अशा भावाचा एकच फ्लॅट उरला होता आणि त्याच्यासाठी हजारो अर्ज आले होते. त्यातला एक सुरुचीचा. सलीलच्या कंपनीला सोडतीचं काम मिळालं त्याच्या कितीतरी आधी तिने तो भरला होता. सलीलने साहेबांना तसं सांगूनही टाकलं होतं. "नाव कॉम्प्युटर काढणार, तू थोडाच काढणार आहेस?" असं म्हणून साहेबांनी विषय संपवला.

इकडे बेहाल्याचं भाड्याचं घर महिनाअखेर सोडायचं होतं. मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं होतं आणि त्यांना जागा हवी होती. कोलकात्यात आल्यापासूनचं हे चौथं घर. "आता खिळा ठोकीन तो स्वतःच्या भिंतीत," सुरुची म्हणायची. म्हणताना हसायची, पण सलीलला ते हसू बघवत नसे.

सोडतीच्या दिवशी सकाळी तो येताना वाहतुकीत चांगलाच अडकला. सभागृहात पोचला तोवर आभा सगळी मांडामांड करून, शेवटची फाइल सर्व्हरवर चढवून मोकळी झाली होती. आता ती पार मागे, प्रोजेक्टरपाशी उभी होती. सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती.

सुरुचीचा फोन आला.

"काही कळलं का रे?"

"अगं, अजून सुरू तरी होऊ दे."

"नाही, आपलं सहज विचारलं. वरणाला फोडणी घालायची राहिलीये, हातच चालत नाहीयेत."

"काय हे! ठेव फोन, मी करतो."

व्यवस्था अशी होती. बिल्डरचे मॅनेजर अरुण चटर्जी मंचावर बटण दाबणार. नाव आधी मंचाच्या पायथ्याशी बसलेल्या सलीलच्या लॅपटॉपवर येणार. त्याने ते पुढे सोडलं की मोठ्या पडद्यावर जाणार आणि तेव्हाच कायम होणार. ऐनवेळी पान बिघडून चारचौघांत शोभा नको, म्हणून सलीलनेच ही सोय मागून घेतली होती.

अरुणबाबूंनी बटण दाबलं. सभागृह चिडीचूप झालं.

लॅपटॉपवर आलं: 'अभिनंदन! सुरुची आगाशे, बेहाला.'

सलीलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मेल्या, आजसुद्धा?" तो दातओठ खात पुटपुटला. हे पडद्यावर गेलं असतं म्हणजे? सोडत घेणाऱ्याच्याच बायकोचं नाव! लोकांनी खुर्च्या फेकल्या असत्या, नोकरी गेली असती ती वेगळीच. त्याने झटकन पान बंद केलं.

"काय झालं?" अरुणबाबूंनी वाकून हळूच विचारलं.

"साचा अडकलाय, सर. सर्व्हर पुन्हा चालू करतो, मग परत एकदा दाबा."

मागून कुणीतरी शिट्टी मारली. सलीलच्या कपाळावर घाम जमला. सर्व्हर एकदाचा उठला. अरुणबाबूंनी पुन्हा बटण दाबलं.

'अभिनंदन! सुचित्रा मंडल, हावडा.'

"सुटलो बुवा!" सलीलने नाव पडद्यावर सोडलं.

टाळ्यांचा कडकडाट झाला. मधल्या रांगेतली एक बाई किंचाळत उठली आणि शेजारणीच्या गळ्यात पडून रडायला लागली. सलीलला तिच्यासाठी बरं वाटलं. मग एकदम सुरुची आठवली. त्याने कोपऱ्यात जाऊन घरी फोन लावला.

"नाही लागला गं."

सुरुचीने गॅस बंद केल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "असू दे. तू जेवायला लवकर ये."

गर्दी पांगल्यावर आभा वायर गुंडाळत मंचापाशी आली.

"दोनदा बटण का दाबायला लावलंत?"

"काय सांगू तुला! ऐनवेळी पुन्हा तेच. पहिल्यांदा सुरुचीचंच नाव आलं. जुना साचा धरून बसलं होतं मेलं. वेळेवर लक्षात आलं म्हणून वाचलो."

आभाचे हात थांबले.

"तसं कसं होईल, सलीलदा? बोउदींचं नाव मी सकाळीच साच्यातून काढलं आणि सर्व्हरही नव्याने चालू केला. नमुन्याच्या जागी आता नुसत्या रेघा आहेत."