नऊ नंबरची जोडी

“चार!” पुण्याचा विपुल ओरडला. चिठ्ठी सगळ्यांना दाखवून त्यानं चार नंबरची टायरांची जोडी उचलली. गीतांजलीनं रांग मोजली. तिच्यासकट पाच जण उरले होते, आणि नऊ नंबर अजून निघाला नव्हता.

चिठ्ठ्यांचा डबा धरून उभा होता तो तिचा बाप, गोवर्धन. अकोल्यात बार्शीटाकळीच्या रस्त्यावर तीस वर्षांपासून त्याचं टायरचं दुकान. मोटरसायकल शर्यतीची शेवटची फेरी यंदा अकोल्याच्या मातीत होती. नियम असा, की बाराही जणांनी एकाच कंपनीच्या सारख्या टायरांवर धावायचं. आणि कंपनीनं काय करावं? अकरा जोड्या कोऱ्या करकरीत धाडल्या आणि बारावी धाडली तीन वर्षं गोदामात पडलेली. रबर असं कडक, की नख रुतेना. बदली जोडी यायला संध्याकाळ झाली असती आणि शर्यत तर दोन तासांवर. मग पंच रामरावांनी जोड्यांवर खडूनं नंबर टाकले, जुनीवर नऊ टाकला आणि चिठ्ठ्यांचं काम गोवर्धनवर सोपवलं. सरळ माणूस म्हणून नाव होतं त्याचं.

“पोट्टी धावून राहिली आन् बाप डबा धरून राहिला,” मागून कोणीतरी बोललंच. “कुंपनानंच शेत खाल्लं तं सांगाव कोनाले?”

गीतांजलीनं ऐकलं. गोवर्धननंही ऐकलं, त्याचे कान लाल झाले.

“सात!” “एक!”

पहिल्या तिघांत आली, तर पुढच्या वर्षी एका मोठ्या टीमकडून धावायला मिळणार होतं. त्या टीमचा मॅनेजर समोरच मांडवात बसला होता. चौथी आली, तर खेळ खलास. पुन्हा ती जुनी गाडी तारेनं बांधत बांधत गावोगाव हिंडायचं. आणि नऊ नंबरच्या टायरांवर पहिल्या तिघांत? पहिल्याच वळणावर पडली नाही म्हणजे मिळवली!

ती रांगेत शेवटी होती. तेही बापानंच ठरवलेलं. “पावने आंधी, घरचे मांगून,” त्यानं जाहीरच करून टाकलं होतं. अहो, पंगतीत ठीक आहे ते, इथं कुठं बुंदी वाढायची आहे, ती मनात चरफडली. पण सकाळी गाडीच्या साखळीला तेल देताना बाप हळूच म्हणाला होता, “कायजी करू नको बाई, मी हावो नं.” ते वाक्य ती सकाळपासून धरून बसली होती. बाबांनी काही केलं असेल का? एखादी चिठ्ठी वेगळी दुमडली असेल? असं मनात आलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. तरी आशा काही सुटत नव्हती.

“अकरा!”

आता दोघंच. अमरावतीच्या गजेंद्रनं डब्यावरच्या दुपट्ट्याखाली हात घातला, लागली ती चिठ्ठी ओढली, उघडली आणि उडीच मारली. “बारा! वाचलो बाप्पा!”

संपलं. गीतांजलीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

“मानलं गोवर्धनभाऊ!” मघाचाच आवाज आता कौतुकानं ओरडला. “सोताच्या पोरीले बी सूट नाई!”

रीत म्हणून तिनं हात घातला. बोटांना पत्रा लागला. तिनं तळ चाचपला, कडेकडेनं हात फिरवला. काहीच नाही. तिनं बापाकडे पाहिलं. तो तिच्याकडे पाहत नव्हता, आणि त्याची डावी मूठ घट्ट मिटलेली होती.

रडू कुठल्या कुठे पळालं. तिनं दुपट्टा काढला आणि डबा सगळ्यांसमोर उलटा केला. काहीच पडलं नाही.

“काऊन, बाबा?”

गोवर्धननं मूठ उघडली. घामानं भिजलेली चिठ्ठी होती. नऊ.

“दुसऱ्या कोनाले नऊ आली असती, तं लोक म्हनले असते बापानं पोरीले वाचोलं,” तो कसाबसा बोलला. “मले ते आईकनं झालं नसतं, बाई. तू माही हायेस, तू समजून घेशीन वाटलं.”

“चिठ्ठ्या परत काढा,” गीतांजली रामरावांना म्हणाली. विपुल मात्र आपले टायर छातीशी धरून पुढे आला. “एक मिनिट. नुकसान झालं ते हिचं, आणि केलं हिच्याच वडिलांनी. त्यांचं ते घरी बघतील. आम्ही का परत काढायच्या?”

“काऊन की तुमच्या वख्ती डब्यात नऊ होतीच नाई,” गीतांजली म्हणाली. “तुमी सारे फुकट भ्याले. माह्या नशिबात नऊ असन तं मी घेईन. पन ते नशिबानं द्यावं, बाबानं नाई.”

रामरावांनी मांडवाकडे पाहिलं, मग विपुलकडे. “टायर खाली ठेवा. अकराही जणं.”

कुरकुरत, पाय ओढत एकेकानं जोडी परत आणून ठेवली. रामरावांनी बारा चिठ्ठ्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत डब्यात टाकल्या आणि डबा स्वतःच धरला. गोवर्धन दोरीपलीकडे जाऊन मान खाली घालून उभा राहिला. गीतांजलीला त्याची दया आली, रागही आला. दोन्ही एकदमच आलं.

नाव पुकारल्यावर तिनं डब्यात हात घातला. चिठ्ठ्या बोटांखाली खुसखुसल्या. त्यांत कुठंतरी नऊ होती. भीती होतीच, पण आज पहिल्यांदा ती बाकीच्या अकरा जणांएवढीच होती.