लालासाहेबांची आरोळी

सुभेदार लालासाहेबांच्या हुकमाशिवाय घरातलं पोर विहिरीत उडी मारत नसे. "मार उडी!" अशी आरोळी घुमली की पोर पाण्यात. गेल्या उन्हाळ्यात पट्टीचा पोहणारा नातू त्याच आरोळीसरशी पाण्यात गेला, तो वर आलाच नाही. विहिरीतल्या आसरांनी, पाण्यातल्या देवतांनी ओढला, गाव म्हणालं. आज साताऱ्याच्या डॉक्टरांनी शाळेत चक्कर आलेल्या नातीचे, सृष्टीचे, रिपोर्ट वाचले. "हृदयातली पोटॅशियमची दारं नीट उघडत नाहीत. पोहताना, दचकल्यावर हृदय थांबू शकतं. तुमच्या नातवाचंही तेच झालं असावं." धापा टाकत लालासाहेब विहिरीवर पोचले, तर पलीकडच्या काठावर सृष्टी, पाठीला तरंगायचा डबा बांधून, हुकमाची वाट बघत. ओरडलं तर दचकेल, हुकूम समजून उडीही मारेल. लालासाहेबांनी जन्मात पहिल्यांदा आवाज मऊ केला, "माघारी फिर, बाळा." सृष्टी कान टवकारून पुढं वाकली. "आबा, मोठ्यानं म्हणा की!"