दुधाची मर्यादा

वाटीतल्या दुधावर तुपकट तवंग आला होता. वाटीला हात लावताच चटका बसला. भाग्यश्री ओट्याला धरून उभी राहिली.

"तापवून, गाळून ठेवलंय बग," सासूबाई म्हणाल्या. "तुजा डोळा लागला हुता. म्हनलं, येळ टळाय नगं."

आष्ट्याच्या त्या जैन घरात दुधाला कडक शिस्त होती. धार काढली की तासाभराच्या आत दूध गाळायचं, तापवायचं. मर्यादा टळली की त्यात जीव पडतात, मग ते कुणी तोंडाला लावायचं नाही. सासूबाईंनी, म्हणजे चंदनबालाबाईंनी, उभ्या जन्मात हा नेम मोडला नव्हता आणि त्यांच्या स्वयंपाकघरात दुधाची नासायची बिशाद नव्हती. फ्रिजमधल्या बाटलीतलं दूध सुनेचं आहे, हे त्यांना नीट ठाऊक होतं. म्हणून तर नवं कोरं फडकं फाडून गाळलं होतं. एकदा अंगाबाहेर आलं की दूध ते दूध, असा त्यांचा सरळ हिशेब.

बाळ सांगलीच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत होतं. सातव्या महिन्यातच आलेलं. डब्याचं दूध त्याला सोसत नव्हतं, पोट टम्म फुगायचं. आईचं दूध आणा, असं डॉक्टर रोज सांगायचे आणि आईला दूधच येत नव्हतं. टाके सांभाळत ती पंप लावून बसायची, बाटलीत जेमतेम चार थेंब पडायचे. आज दुपारी पहिल्यांदा बोटभर दूध निघालं, तेव्हा तिनं नवऱ्याला दुकानात फोन करून सांगितलं. अजितकुमार संध्याकाळी ते बर्फाच्या डब्यातून नेणार होता. त्या आनंदातच तिला झोप लागली होती.

तिनं दवाखान्यात फोन लावला. उकळलेलं चालणार नाही, त्यातला कस जातो, असं सिस्टरनं सांगितलं. आता काढून तासाभरात पोचवलंत तर बर्फसुद्धा नको, पण आणा, त्याला आज फार गरज आहे.

भाग्यश्री पुन्हा पंप लावून बसली. काही येईना. राग गच्च बसला होता आत, रडूही फुटत नव्हतं. सासूबाई ते फडकं हातात घेऊन दारातच थांबल्या होत्या.

"एकदा विचारायचं तरी मला," भाग्यश्री म्हणाली. "तेवढंच होतं ओ माझ्याकडं, त्याला द्यायला."

चंदनबालाबाईंनी फडकं खाली ठेवलं. येऊन तिच्याशेजारी कॉटवर बसल्या.

"व्हय, चुकलं माजं. आजून बोल. पोटात ठेवू नगंस."

मग भाग्यश्री बोलत सुटली. बाळाला आपण अजून मांडीवरसुद्धा घेतलं नाही, त्याचं वजन हाताला माहीत नाही, त्याला उचलणाऱ्या सिस्टरचा हेवा वाटतो, घरात सगळे खाऊ घालतात पण बाळाचं कुणी बोलत नाही. बोलता बोलता रडू आलं. आणि रडताना बाटलीत धार लागली, दोऱ्यासारखी बारीक. दोघींनी ती पाहिली. सासूबाईंनी सुनेच्या पाठीवर ठेवलेला हात तसाच राहू दिला.

दूध दुपारपेक्षा कमीच निघालं. अजितकुमार आला तेव्हा त्याच्या आईचं ताट वाढून ठेवलेलं होतं. सूर्य मावळल्यावर ती पाणीसुद्धा घेत नाही, म्हणून आधी चार घास खा, मग मी निघतो, असं तो म्हणाला. चंदनबालाबाईंनी तोवर चपला घातल्या होत्या. तासाभराची मर्यादा म्हणजे काय, ते त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. बर्फाचा डबा घरीच राहिला.

वाटेत उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडवला होता. एरवी हॉर्नच्या आवाजाला वैतागणाऱ्या चंदनबालाबाई आज मुलाला वाजव म्हणून सांगत होत्या. सांगली यायच्या आत दिवस बुडाला. आता सकाळपर्यंत तुझा उपासच, असं अजितकुमार हळहळला, तर त्यांनी त्याला समोर बघून गाडी चालवायला सांगितलं.

दवाखान्यात सिस्टर दारापर्यंत आली. मघाचा फोन तिच्या लक्षात होता.

"आजी, हे तापवलेलं नाही ना?"

चंदनबालाबाईंनी पदराच्या आत, छातीशी धरून आणलेली बाटली बाहेर काढली आणि तिच्या हातात दिली.

"न्हाई वो. हात लावून बगा, ऊन हाय अजून. तिच्या अंगाचं हाय."