सुतकातलं गाणं

सर्बियात, आमच्या वाल्येवोकडे सुतकात वर्षभर घरचा रेडिओसुद्धा मुका असतो. आणि इथे दानित्साला मातीआड करून चाळीस दिवसही झाले नव्हते, तर तिचा नवरा रादोसाव अंगात काळा शर्ट घालून, गाडीत बँडबाजाची गाणी कानठळ्या बसतील अशी लावून हिंडत होता. गावानं त्याच्या तोंडावर थुंकायचंच काय ते बाकी होतं.

चाळिसाव्या दिवसाच्या प्रसादाचे गहू आणायला तो निघाला, तेव्हा फोन वाजला. त्यानं घाईघाईनं गाण्याचा आवाज वाढवायला बटण पिरगाळलं, पण फोन आला की स्टिरिओ आपोआप गप्प होई. पलीकडे सासूबाई होत्या.

“लाज कोळून प्यायलास का रे? माझ्या लेकीच्या कबरीची माती अजून ओली आहे. बंद कर ते गाणं.”

“बंदच आहे, आई.”

“मला बहिरी समजतोस? कुणी बाई गातेय, स्पष्ट ऐकू येतंय.”

रादोसावनं गाडी कडेला घेतली. मागच्या सीटकडे मात्र त्यानं वळून पाहिलं नाही.



“आई,” तो हळूच म्हणाला, “म्हणजे तुम्हालाही ऐकू येतंय.”